तत्त्वतः विरोध

अप्पांचा नाताळाला तत्त्वतः विरोध आहे. डिसेंबर लागला की ते तो जाहीर करतात, आणि जाहीर झाला की माई आतून कापडी पिशवी आणून दारामागच्या खुंटीला अडकवतात. विरोध आटोपला की बाजारात जायचं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालेलं आहे.

अप्पा राहतात हैदराबादेत, काचीगुड्यात, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर. स्टेट बँक ऑफ हैदराबादमधून निवृत्त झाले. १९४१ साली निजामाच्या राज्यात निघालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. बँक झाली, अप्पा अजून झालेले नाहीत. त्यांच्या तोंडी अजूनही ‘आमची बँक’च असते. नोकरीतली बरीच वर्षं कर्ज विभागात गेल्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट, मग ती पडद्याचा रंग असो की देवाचा नैवेद्य, आधी नामंजूर होते आणि नंतर मंजूर. “तत्त्वतः माझा विरोध आहे” हे त्यांचं पहिलं वाक्य. मग चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा घालायचा. आणि दुसरं वाक्य: “पण करायचंच असेल, तर नीट करा.” ही दोन वाक्यं आणि मधला चष्मा, एवढ्यावर त्या घराचा कारभार चालतो.

नवख्या माणसाला वाटतं, अप्पा विरोधक आहेत. तसं नाही. ज्या गोष्टीला त्यांचा विरोध नसतो, तिच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. मुलाने नवा सोफा आणला तेव्हा “बरं” म्हणाले, आणि आजतागायत त्यावर बसलेले नाहीत. सून मात्र वरंगळची, तेलुगू; त्या लग्नाला तत्त्वतः विरोध होता. त्यामुळे पत्रिका दोन लिप्यांत छापून घेणं, दोन्हीकडची प्रुफं तपासणं, वरंगळला जाऊन मांडव मोजून येणं, सगळं अप्पांनी केलं. तेलुगू प्रुफातली एक चूक त्यांनी काढली, आणि ती व्याह्यांच्या नावात होती, हे ते अजून सांगतात.

त्या लग्नाचं फळ म्हणजे मनू. वय वर्षं साडेचार. आई हायटेक सिटीत, बाबा गच्चीबावलीत, दोघंही सकाळी जातात ते दिवेलागणीनंतर उगवतात. त्यामुळे मनूचं खातं अप्पांच्या शाखेत. ती कामवालीशी तेलुगूत बोलते, वॉचमनशी दखनीत, आईशी इंग्रजीत आणि भांडायचं असेल तेव्हा मराठीत.

यंदा शाळेतून निरोप आला की मुलांनी घरी नाताळ कसा साजरा केला त्याचं चित्र काढून आणावं. अप्पांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “आपल्यात नसतं हे.”

“मग चित्र कशाचं काढू?” मनू मराठीत म्हणाली, म्हणजे भांडणाची तयारी होती.

“तत्त्वतः माझा विरोध आहे,” अप्पा म्हणाले. चष्मा निघाला. माई पिशवी आणायला उठल्या.

आता कुणाला वाटेल की हा माणूस नातीपुढे विरघळला. छे! अप्पा विरघळत नाहीत, ते पळवाट काढतात. नियम मोडणं हे त्यांच्या रक्तात नाही. नियमात बसवणं आहे. त्यासाठी ते अभ्यास करतात. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून दर डिसेंबरला ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आणतात. ते त्यांनी इतक्या वेळा वाचलंय की आता नुसतं उशाशी ठेवलं तरी चालतं. उरलेलं संशोधन नातीच्या शेजारी बसून मोबाइलवर.

पहिला प्रश्न सांताक्लॉजचा होता. दोन दिवसांत निकाल लागला. “चौकशी केली,” अप्पा मला जिन्यात गाठून म्हणाले. “संत निकोलस. चौथ्या शतकातले बिशप. मायरा गावचे. हल्ली ते तुर्कस्तानात येतं. स्मृतिदिन ६ डिसेंबर. म्हणजे माणूस संत आहे. संतांना विरोध करता येत नाही, आपलं वारकरी घराणं.”

“तुर्कस्तान कुठे आहे? टोलीचौकीच्या पुढे?” मनूने विचारलं.

“पुढेच. बरंच पुढे.”

दुसरा प्रश्न ‘जिंगल बेल्स’चा. मनू ते दिवसभर म्हणत असे आणि अप्पांना ते देवघरासमोर चालायचं नाही. त्याचीही फाइल निघाली. “१८५७ सालचं गाणं. अमेरिकेतल्या जेम्स पिअरपाँटचं. आपल्याकडे स्वातंत्र्यसमर पेटलेलं, आणि हा घोड्याच्या घसरगाडीत बसून गातोय! पण सगळी कडवी वाचली मी. बर्फ आहे, घोडा आहे, घंटा आहेत. नाताळाचं नावसुद्धा नाही. म्हणायला काही हरकत नाही.” तेव्हापासून संध्याकाळी शुभंकरोती, मग पाढे, मग ‘जिंगल बेल्स’ असा क्रम लागला. परवचा म्हणताना जसे हात जोडायचे तसेच तिथेही जोडायचे, ही अट.

केकचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता, कारण त्यात अंडं होतं. इथे अप्पांनी आधी इतिहास आणला. केरळात तलश्शेरीला मंबळ्ळी बापू म्हणून एक बेकरीवाले होते. ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबाने त्यांना विलायतेतल्या केकचा नमुना दाखवला आणि असा करून दे म्हणाला. १८८३ सालची ही गोष्ट. बापूंनी आपल्याच गावचं सामान घालून केक केला आणि भारतातला नाताळचा पहिला केक तोच, असं सांगतात. “म्हणजे स्वदेशी,” अप्पांनी निर्वाळा दिला.

“आणि अंडं?” माई म्हणाल्या.

“तत्त्वतः अंडं आपल्या स्वयंपाकघरात येत नाही.”

“केकमध्ये असतं की.”

“ते बेकरीच्या स्वयंपाकघरात आलेलं असतं. आपल्याकडे येतो तो केक.”

माईंनी यावर काही म्हटलं नाही. एवढंच केलं की केक गॅलरीत खायचा असं ठरवून टाकलं. त्यामुळे मनू एक पाय गॅलरीत आणि एक पाय खोलीत ठेवून केक खाते, आणि कुठला पाय मोजायचा याचा निवाडा अप्पांना करावा लागतो.

आता चांदणी. बेगम बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. बाजारात आपल्याबरोबर कुणीतरी असावं असा अप्पांचा आग्रह असतो. विकत घ्यायला नव्हे, साक्षीदार म्हणून.

“मियाँ, ये तारा कित्ते का?”

“ढाई सौ का, साब.”

“पाँच कोने के ढाई सौ?”

“साब, तारे कोने गिन के नहीं बेचते.”

हा मुद्दा बिनतोड होता. अप्पांनी तो मान्य केला, दुकानदाराला शाबासकी दिली आणि काहीही न घेता निघाले. घरी येऊन त्यांनी कामट्या, पतंगी कागद आणि मैद्याची खळ घेतली. आकाशकंदील ते दरवर्षी घरीच करतात, त्यामुळे हात बसलेला. इतका बसलेला की पाच टोकांची चांदणी तयार झाल्यावर हाताने आपोआप खालून झिरमिळ्या चिकटवल्या. शिडी मी धरली. दर सणाला मीच धरतो. शिडी धरणाऱ्याला खालून सूचना करायची मुभा नसते, वरून ऐकायची असते.

समोरच्या घरात गुंटूरच्या आंटी राहतात. त्या ख्रिस्ती. अप्पा त्यांना या खात्यातल्या वरिष्ठ अधिकारी मानतात. त्यांनी चांदणीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “इदि दीपावळिदा, क्रिस्मसदा?”

“रेंडू! दोन्ही!” अप्पा शिडीवरून म्हणाले.

झाडाला प्लास्टिक चालणार नव्हतं. “प्लास्टिकच्या झाडाला पाणी कोण घालणार?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून आम्ही नर्सरीतून कुंडीतलं सुरूचं रोप आणलं. अडीच फूट उंच, डावीकडे कललेलं. अप्पांनी त्याला आधाराला काठी बांधली, मग ओळंबा लावून पाहिला. बर्फाला कापूस हवा, तो घरात फक्त माईंच्या डब्यात, वातींसाठी राखलेला. माईंनी कापूस द्यायला साफ नकार दिला. “सुटा कापूस झाडावर फेकायचा? पोरकटपणा,” म्हणाल्या, आणि दुपारभर बसून त्यांनी झाडाला चार पदरी गेजवस्त्र करून घातलं. पांढऱ्या मण्यांमध्ये कुंकवाचे ठिपके. मी पाहतच राहिलो. लाल आणि पांढरा, नाताळचे नेमके रंग. आणि हे माईंच्या गावीही नव्हतं. मनूने शेंड्यावर चमकीचा तारा लावला, केकमधली टुटीफ्रुटी वेचून फांद्यांवर ठेवली, आणि मुंग्यांनी बाकीची आरास पूर्ण केली.

गोठ्याचा देखावा मात्र अप्पांनी कुणाला करू दिला नाही. दिवाळीचा किल्ला गॅलरीत होताच. त्यावरचे महाराज सन्मानाने डब्यात गेले, बुरूज उतरवले, माची तेवढी ठेवली आणि तिथे गव्हाण बांधली. दोन मावळ्यांच्या हातातल्या तलवारी काढून काड्या दिल्यावर ते मेंढपाळ झाले. अळीव पेरून कुरण उगवलं. वसुबारसेची गाय-वासरू होतीच. राहता राहिले पूर्वेकडून येणारे तीन राजे. आंटींकडे दसऱ्याच्या बोम्मल कोलुवूची, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीची, हौस नसते, पण खालच्या मजल्यावरच्या तेलुगू घरात असते. तिथून कोंडापल्लीचा अंबारीचा हत्ती आला. एक राजा हत्तीवर, एक माईंच्या गौरीपुढच्या उंटावर, आणि तिसऱ्याला वाहन मिळेना म्हणून मनूने तिची लाल मोटार दिली.

“तत्त्वतः त्या काळी मोटार नव्हती,” अप्पा म्हणाले.

“पण त्याला उशीर झालाय,” मनू म्हणाली. मोटार राहिली.

नाताळच्या आधीच्या रविवारी अप्पांनी आम्हाला मेदकला नेलं. हैदराबादपासून शंभरेक किलोमीटर. “ऊन असेपर्यंत पोचायला पाहिजे” हा धोशा त्यांनी निघाल्यापासून लावला होता, आणि तो बरोबर होता. मेदकच्या कॅथेड्रलच्या रंगीत काचांच्या खिडक्या बाहेरून ऊन असलं तरच आतून दिसतात. सूर्य गेला की चित्रं गेली. एका खिडकीत बाळाचा जन्म आहे. मनूने तिथे मेंढपाळांच्या हातात काड्या आहेत का ते पाहून घेतलं. अप्पा सवयीने चपला दाराशी काढून, त्या नीट जोडून, मगच आत गेले. आणि बाकावर बसून खालच्या आवाजात त्यांनी गोष्ट सांगितली. चार्ल्स वॉकर पॉस्नेट नावाच्या पाद्र्याने १९१४ साली हे बांधायला काढलं. दुष्काळाचे दिवस होते. लोकांना नुसता शिधा वाटण्यापेक्षा काम द्यावं आणि कामावर पोट भरावं, असा त्याने विचार केला. दहा वर्षं बांधकाम चाललं आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी देऊळ उघडलं. पाच हजार माणसं मावतात. “दुष्काळात कोठारं उघडली म्हणून आपण दामाजीपंतांचं नाव घेतो ना? मग याचंही घ्यायला काय जातं?” अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘तत्त्वतः’ आलं नाही. मी वाट पाहत होतो.

परत येताना मला एक शोध लागला. अप्पांची नोकरी मुख्यत्वे गनफाउंड्रीत झाली. फ्रेंच सेनापती रेमंडच्या तोफा जिथे ओतल्या जात, तो हा भाग; जुनी माणसं अजून ‘तोप का सांचा’ म्हणतात. आमच्या बँकेचं, म्हणजे त्यांच्या बँकेचं, मुख्यालय तिथे होतं, आणि सेंट जोसेफ कॅथेड्रलही तिथेच. “डिसेंबरात संध्याकाळी घंटा सुरू झाल्या की बेरीज चुकायची,” अप्पा म्हणाले. “मग पुन्हा पहिल्यापासून करायची.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण त्या घंटांचा आवाज कसा असतो ते मनूला तीनदा काढून दाखवलं.

मनूने सांताला पत्र लिहिलं, म्हणजे चित्रं काढली आणि आईने खाली नावं घातली. ते टपालात पडायच्या आधी अप्पांच्या टेबलावर आलं. परत गेलं तेव्हा त्यावर लाल शाईत शेरे होते. ‘सायकल : मागणी वाजवी, पण जुनी विनावापर पडून असल्याने फेरविचार व्हावा.’ ‘घोडा (खरा) : जागेअभावी नामंजूर.’ ‘रंगपेटी : मंजूर.’ ‘बहीण : संबंधितांकडे पाठवावे.’ सुनेने हा कागद फ्रेम करून ठेवलाय.

चोवीस तारखेला आंटींकडून कळलं की गव्हाण रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची असते. बाळ ठेवायचं ते रात्री बारानंतर. अप्पांना हे फार पटलं. “जन्माष्टमीचाच नियम. शिस्त आहे.” माई ऐकत होत्या. त्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या, आणि खलबत्त्याचा आवाज यायला लागला. बाराला मनूने डोळे चोळत आपली सगळ्यांत लहान बाहुली अळिवावर निजवली, तेव्हा माई वाटी घेऊन पुढे आल्या. सुंठवडा.

“अहो, नाताळाला सुंठवडा?” मी म्हटलं.

“जन्म झाला ना?” माई म्हणाल्या. “मग सुंठवडा नको? ती बाळंतीण गोठ्यात, तीही डिसेंबरात.”

यावर अप्पांनी चष्मासुद्धा काढला नाही. आंटी प्रार्थनेहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे करून सुंठवडा घेतला, तोंडात टाकला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुंठीमुळे होतं असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून गुलाबी पुव्वुलू आणि अरिसेलूंचं ताट आलं. अरिसेलू म्हणजे खसखशीऐवजी तीळ लावलेले अनारसेच, असं माईंनी जाहीर केलं आणि ताट रिकामं जाऊ नये म्हणून त्यात चिवडा भरला.

सकाळी सांता यायचा होता. कपडे मुलाने मागवले होते; दाढी मात्र त्यात निघाली नाही. वेळ नव्हता. अप्पांनी झाडावरचं एक पदर गेजवस्त्र उतरवलं आणि हनुवटीला बांधलं. पोटावर उशी. आवाज जाड. “हो हो हो,” असं म्हणत ते आले खरे, पण ते ‘हो’ होकाराचं वाटत होतं.

मनूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “सांता, तुला लागलंय का? दाढीला रक्त आहे.”

“कुंकू आहे ते,” सांता म्हणाला.

मग रंगपेटी देण्यात आली. देण्याआधी सांताने पोचपावती काढली आणि मनूने सहीच्या जागी फूल काढलं. सांता निघाला तेव्हा तिने त्याचा हात धरला. “अप्पांना काय आणलंस?”

सांता गडबडला. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “त्यांचा अर्ज आलेला नाही.”

तो अर्ज मनूने त्याच दुपारी नव्या रंगांनी केला. कागदावर एक चौकोन होता. चष्मा पुसायचं फडकं, असा तिने खुलासा केला. सदऱ्याची टोकं सारखी धुवावी लागतात म्हणून माईंनी या मागणीला पाठिंबा दिला. अप्पांनी अर्जावर शेरा मारला, ‘अर्जदार पात्र आहे किंवा कसे, पाहावे’, आणि तो पाकिटात जपून ठेवला.

सव्वीस तारखेला मी विचारलं, “आता झाड काढायचं ना?”

“असं कसं? दीड दिवसाचं असतं, पाच दिवसांचं असतं, काही नियम असेल.” अप्पा समोरच्या घरी जाऊन विचारून आले. “६ जानेवारी. तोपर्यंत राजे पोचतात. म्हणजे जवळजवळ अनंत चतुर्दशीपर्यंतच. ठेवा.” त्यामुळे एकतीस डिसेंबरही झाडासमोरच साजरा झाला. त्यालाही तत्त्वतः विरोध होता, कारण आपलं वर्ष पाडव्याला लागतं. पण बाराचे ठोके बरोबर आहेत ना हे पाहायला कुणीतरी जागं राहायला हवं होतं.

सहाला उत्तरपूजेसारखं काहीतरी झालं. सुरूचं रोप खाली आवारात गेलं, ओळंब्यासकट. चांदणी उतरवायला मी शिडी धरली, तेव्हा अप्पांनी वरून सांगितलं की ती संक्रांतीपर्यंत राहू दे, पतंगी कागद आहे, विषयाला धरून आहे.

आणि संक्रांत आली. मनूला पाच व्हायच्या आत शेवटचं बोरन्हाण घालायचं असा माईंचा बेत. काळं परकर-पोलकं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हट्टाने घातलेली सांताची टोपी. सगळी मुलं गोल करून बसली. अप्पा बोरं, हरभरे, चुरमुरे आणि चॉकलेटं किती प्रमाणात मिसळायची ते मोजून घेत होते. ताट उचललं, तेवढ्यात पाटावरून मनू म्हणाली, “थांबा. तत्त्वतः माझा विरोध आहे.”

सगळे थबकले. अप्पांचा हात चष्म्याकडे गेला.

“पण करायचंच असेल,” मनू म्हणाली, “तर चॉकलेटं जास्त घाला.”

“मंजूर,” अप्पा म्हणाले, आणि ताट उपडं केलं.